ह्यांना बसवून आणलं तेव्हा

तार दुकानात आली. नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान होतं आणि मागे एक बोळ ओलांडला की घर. तार इंग्रजीत होती. अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मराठी आणि कानडी दोन्ही लिहिता-वाचता यायचं, पण इंग्रजी ठाणांवरच्या शिक्क्यांपुरतंच. शेजारच्या सराफाकडे एक शिकलेला कारकून होता, त्याच्याकडून त्यांनी ती वाचून घेतली. मुलगा पडला आहे, पाठीला मार बसला आहे, इस्पितळात आहे, काळजी नसावी, असं त्यानं सांगितलं. शेवटचे दोन शब्द तारेत होते की त्यानं पदरचे घातले, ते मला कधीच कळलं नाही.

पाठीला मार म्हटल्यावर अव्वांनी, म्हणजे सासूबाईंनी, ओवा-लसूण घालून तेल कडवलं आणि बाटलीत भरून ठेवलं. कुणी तिकडे जाणारा भेटला तर त्याच्याबरोबर पाठवायचं म्हणाल्या. सोलापुरातून विलायतेला जाणारा माणूस असा रस्त्यावर भेटत नसतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

मी त्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर नातेपुत्याचं. वडलांची धान्याची आडत होती, मी अकरावी झाले होते. हे सोलापुरातच कापड-विणकामाचा डिप्लोमा करून इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात गिरणीत नोकरीला लागले होते. लग्नापुरते आले, महिनाभर राहिले आणि घर मिळालं की बोलावतो म्हणून परत गेले. त्या महिन्यातले निम्मे दिवस पाहुण्यांकडच्या जेवणांत गेले. आम्ही एकमेकांशी नीट बोललो असू असं मला वाटत नाही. मी त्यांना पाणी दिलं, त्यांनी ते प्यायलं, असलंच काहीबाही आठवायचं.

मग इस्पितळाचं पत्र आलं. ते कारकुनाला पूर्ण कळेना. अप्पा ते घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले आणि परत आले ते दुकानात न जाता सरळ घरात. माजघरात खाली बसले. अव्वांनी विचारलं तर म्हणाले, बर्फावरून पाय घसरून जिन्यावरून खाली पडला, मान आणि पाठ जुळते तिथलं हाड मोडलं. छातीच्या खाली त्याला काही कळत नाही. हात वर होतात, पण बोटांत जोर नाही. आता असंच राहणार.

अव्वांनी विचारलं, "असंच म्हणजे किती दिवस?"

अप्पांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मी दारात उभी होते. तेलाची बाटली फडताळात तशीच होती.

काही महिने हे तिकडच्या इस्पितळात राहिले. पुढे तिथल्या लोकांनी कळवलं की आता ह्यांना घरी नेता येईल, मात्र घरातलं कुणीतरी आधी येऊन सगळं शिकून घ्यायला हवं. हे एकुलते एक. अप्पांना छातीचं दुखणं होतं. दोन नणंदा लेकुरवाळ्या. शिवाय शिकायचं काय होतं, तर लघवी-संडासाचं, अंग पुसण्याचं, कुशीवर वळवण्याचं. ते बायकोचं काम, हे कुणी बोललं नाही आणि कुणाला बोलावंही लागलं नाही. माझं पासपोर्टचं काम सुरू झालं.

आमच्या ओळखीचे एक वकील पूर्वी दोनदा परदेशी जाऊन आले होते. ते मुद्दाम घरी आले. बाई पहिल्यांदा विमानात बसणार, तिला काही माहीत असलेलं बरं, म्हणाले. मी पदर सावरून समोर बसले आणि त्यांनी मला विमानात आरामात कसं बसायचं ते समजावलं. कानात कापूस ठेव. विमान उतरताना तोंडात खडीसाखर धर, आवंढे गिळत राहा, म्हणजे कान दुखत नाहीत. स्वेटर जवळ ठेव. पाणी भरपूर पी. पायावर पाय टाकून बसू नकोस, पाय सुजतात. आणि मुख्य म्हणजे एका जागी बसून राहू नकोस, मधूनमधून उठून चालून ये. अंग आखडत नाही.

चांगला माणूस होता. त्यांनी मनापासून सांगितलं, मीही मनापासून ऐकलं. जाताना त्यांनी अप्पांना हळूच विचारलं, त्याला आणताना आडवा आणणार ना? अप्पा म्हणाले, हो, तसंच असेल.

जाताना मी वकिलांनी सांगितलेलं सगळं केलं. फक्त उठून चालले नाही. लाज वाटली. एवढे लोक बसलेले, त्यांच्यामधून नऊवारी नेसलेली मी कुठं फिरणार? मग पाय सुजले आणि जोडवी बोटांत रुतायला लागली. विमानातलं जेवण मला ओळखता येईना, त्यात काय असेल या भीतीनं मी हात लावला नाही. जवळ कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. भाकरी मोडली तर एवढा आवाज झाला की पुढच्या ओळीतला माणूस मागे वळून बघायला लागला. मग मी तुकडे तोंडात धरून, मऊ करून गिळले. शेवटी जोडव्यांच्या कळा सोसवेनात तेव्हा हवाईसुंदरीनं मला मोरीत नेलं आणि साबण लावून ती काढून दिली. मी ती रुमालात बांधली. पोचेपर्यंत मला हेच वाटत होतं की मी निघाले तीच अपशकुन करून.

इस्पितळात एका लांब खोलीत बरेच पुरुष होते. कुणी पलंगावर, कुणी चाकाच्या खुर्चीत. मी दारातून एकेक चेहरा बघत गेले आणि पुढे निघून गेले. मागून हाक आली, "अगं, इकडे." ह्यांनी मला साडीवरून ओळखलं होतं. मी त्यांना ओळखलं नव्हतं.

खांदे उतरले होते, केस अगदी बारीक कापलेले, हात मांडीवर ठेवलेले आणि बोटं आत वळलेली. मी वाकून नमस्कार केला. पायाला हात लावला तो त्यांना कळला नसणार. ते म्हणाले, प्रवास कसा झाला? मी म्हणाले, चांगला झाला.

तिथली मुख्य नर्स उंच, वयस्कर बाई होती. माझं इंग्रजी शाळेतलं, तिचं बोलणं मला निम्मं कळायचं, पण ती सगळं हातानं दाखवायची आणि मग माझ्याकडून करून घ्यायची. कातडी रोज बघायची, कुठं लाल दिसलं तर बोटानं दाबून बघायचं, लाली जात नसेल तर त्या जागेवर अजिबात वजन द्यायचं नाही. एका जागी बसून राहिले की खालचं मांस मरतं आणि ह्यांना कळतही नाही, म्हणून सारखं उचलायचं. लघवीची नळी मांडीला बांधलेल्या पिशवीत जायची, ती स्वच्छ कशी ठेवायची. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवलं. ह्यांनीही डोळे मिटून घेतले होते. लग्नानंतर आम्ही एकमेकांकडे उजेडात बघितलं नव्हतं आणि आता एक परकी बाई मला माझ्या नवऱ्याचं अंग दाखवत होती.

एक गोष्ट तिनं पुनःपुन्हा सांगितली. ह्यांचं डोकं एकदम ठणकायला लागलं, चेहरा लालबुंद झाला, घाम फुटला, तर घाबरायचं नाही, आडवं करायचं नाही, आधी नळी बघायची. नळी कुठंतरी दुमडलेली असते. उशीर झाला तर माणूस जातो. हे तिनं मला माझ्या तोंडून म्हणायला लावलं. आधी नळी. मी रोज म्हणायचे.

आडवं न्यायची सोय त्या विमानात मिळाली नाही. त्याऐवजी अगदी पुढच्या, समोर भिंत असलेल्या ओळीतल्या तीन जागा आम्हाला दिल्या. मधले हात वर करून ह्यांना थोडं आडवं करता येईल, असं ठरलं. खाली घालायला नर्सनं लोकर असलेलं मेंढीचं कातडं दिलं. त्यानं कातडी घासत नाही म्हणाली.

दोन हमालांनी ह्यांना खुर्चीसकट जिन्यावरून वर चढवलं आणि उचलून जागेवर ठेवलं. ठेवलं म्हणजे अक्षरशः पोतं ठेवतात तसं. ह्यांचा एक पाय वाकडा अडकला होता. मी तो सरळ केला. पट्टा बांधला, छातीवरून दुसरा पट्टा, नाहीतर विमान हललं की ते पुढे पडले असते.

पहिले काही तास बरे गेले. ह्यांना तीन जागांवर तिरकं झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर. पाय लांब असल्यानं गुडघ्यात दुमडून ठेवावे लागले. त्यांना झोप लागली नाही, पण डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, निभेल.

मधे एके ठिकाणी विमान उतरलं. दार उघडलं आणि गरम हवा आत आली, आपल्याकडे वैशाखात दुपारी येते तशी. तिथं विमान पार भरलं. हवाईसुंदरी आली आणि म्हणाली, तिसरी जागा द्यावी लागेल. ह्यांनी तिच्याशी इंग्रजीत बरंच बोलून बघितलं. ती मान हलवत होती आणि खरंच ओशाळली होती, पण जागा गेली. एक जाडजूड, उतारवयाचा, व्यापारी वाटणारा माणूस येऊन बसला. तिथून मुंबईपर्यंत ह्यांना बसवूनच न्यायचं होतं.

बसलेल्या माणसाला विमानात मागून उचलता येत नाही. नर्सनं दुसरी तऱ्हा शिकवली होती. मी समोर उभी राहायची, गुडघे ह्यांच्या गुडघ्यांना टेकवायचे, त्यांचे दोन्ही हात माझ्या गळ्यात घालायचे आणि त्यांना पुढे माझ्या खांद्यावर ओढून घ्यायचं. म्हणजे बुडाखालचा भार सुटतो. तसंच धरून थांबायचं, मनातल्या मनात जप करावा तेवढा वेळ, आणि मग परत हळूच मागे टेकवायचं. इस्पितळात खोलीत सगळेच तसे होते, तिथं काही वाटलं नाही. इथं शे-दोनशे माणसं बसलेली. भर दुपारी, चारचौघांत, मी नवऱ्याला मिठी मारून उभी. पहिल्यांदा केलं तेव्हा माझे कान तापले. मागे कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. नंतर नंतर मी बघायचं सोडलं.

त्या तशा धरण्यात आमचं पहिलं बोलणं झालं. त्यांचं तोंड माझ्या कानाशी असायचं. समोरासमोर त्यांना बोलवत नव्हतं, पण खांद्यावर डोकं असताना ते बोलायचे. अर्धं वाक्य या वेळी, अर्धं पुढच्या वेळी.

एकदा म्हणाले, "तुला माझा चेहरा आठवत होता का?"

मी म्हणाले, "न्हाय." नातेपुत्याचं बोलणं मी सोलापुरात कटाक्षानं टाळायचे, ते त्या वेळी आपसूक आलं. "आवाज आठवत हुता."

ते हसले. खांद्यावर मला ते कळलं. म्हणाले, मलाही तुझा नव्हता आठवत. फोटो होता म्हणून.

मग लघवीची पिशवी भरली. मी बाटलीत रिकामी करून घेतली, वर रुमाल झाकून मोरीत नेऊन ओतून आले. परत आले तर शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून हवाईसुंदरीला काहीतरी सांगत होता. दुसरी जागा मागत असावा. जागा नव्हती. हे त्याच्याकडे वळून इंग्रजीत बोलले. मला त्यातला फक्त 'सॉरी' कळला. तो त्यांनी दोनदा म्हटला. एवढ्या सगळ्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या वेळी. घाण वाटते म्हणून त्या माणसाचा राग नाही आला. मलाही आधी वाटलीच होती. पण ह्यांनी माफी मागावी, ती कशाची?

पुढच्या वेळी खांद्यावर घेतलं तेव्हा ते म्हणाले, "घरी गेल्यावर मी अप्पांना सांगणार आहे. तुला परत पाठवायला. तुझ्या वडलांकडे. तू लहान आहेस, तुझं दुसरं काही होईल."

मी म्हणाले, "मग तुमाला उचलायचं कुणी?"

"कुणीतरी उचलेल."

"कोन ते सांगा."

मी त्यांना मागे टेकवलं, उशी सारखी केली आणि पाणी पाजलं.

उतरायला थोडा वेळ राहिला असेल तेव्हा ते एकदम म्हणाले, डोकं. एवढंच. बघते तर चेहरा लालभडक, कपाळावरून घाम निथळतोय, मानेवर काटा आलाय. डोळे मिटले होते आणि दात आवळलेले. हवाईसुंदरी धावली, ती म्हणायला लागली, खाली झोपवू या. एक बाई गोळी घेऊन आली. मी सगळ्यांना हातानं मागे सारलं. मी मोठ्यानं म्हणत होते, आधी नळी, आधी नळी, मराठीतच. गुडघ्यावर बसून मी ह्यांचं पांघरूण काढलं, पँटची बटणं सोडली. पट्ट्याखाली मांडीवर नळी चेपून चपटी झाली होती. पट्टा सोडला, नळी सरळ केली. आधी काहीच आलं नाही. मग आलं, आणि येतच राहिलं. हळूहळू त्यांचे दात सुटले. चेहऱ्याचा लाल रंग उतरला तसा तो एकदम पांढरा पडला.

मी मान वर केली तर आमच्या भोवती माणसं उभी होती आणि ह्यांचं सगळं अंग उघडं. मी पदरानं झाकलं. शेजारचा जाडा माणूस मधल्या वाटेत जाऊन उभा होता, आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून मागच्यांना थांबवत. तो परत बसला नाही. उतरायची वेळ झाली, त्याला बसायला सांगितलं, तेव्हा तो कामाच्या लोकांच्या कुठल्याशा खुर्चीवर जाऊन बसला. आमच्याशी तो एक शब्दही बोलला नाही.

मुंबईला अप्पा आले होते. खुर्ची बाहेर आली तेव्हा ते आमच्या मागे कुणी येतंय का ते बघत होते. मग त्यांना कळलं की हाच. ते पुढे आले आणि मुलाच्या पायावर हात ठेवून उभे राहिले. ह्यांना ते कळलं नाही. ते विचारत होते, अप्पा, अव्वा नाही आल्या? आणि अप्पा तसेच पाय दाबत राहिले. शेवटी मी अप्पांचा हात उचलून ह्यांच्या गालावर ठेवला. रेल्वेत आम्ही त्यांना आडवं करून आणलं. सोलापूर स्टेशनवर दुकानातले दोघं गडी होते. घरी आणलं.

अव्वा मुलाला बघून रडल्या नाहीत. त्यांनी ती तेलाची बाटली काढली. मी म्हणाले, तेलानं चोळायचं नाही, कातडी जाईल. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि माझ्या पायांकडे बघितलं. सूज उतरलीच नव्हती, जोडवी अजून रुमालात होती. त्या दिवसापासून माझ्याशी त्यांचं बोलणं कामापुरतंच राहिलं.

मेंढीच्या कातड्यावरून मात्र बोलणं झालं. आमचं घर कडक. गळ्यात लिंग, रोजची पूजा, घरात अंड्याचं नावही नाही. अव्वा म्हणाल्या, "ब्याड." नको. मेलेल्या जनावराचं कातडं या घरात नको. हे पलंगावरून म्हणाले, महादेव वाघाचं कातडं नेसतो, अव्वा, मला मेंढीचं चालेल की. त्यांना वाटलं, हसतील. अव्वा आत निघून गेल्या. मग मी कातड्याला पांढऱ्या मांजरपाटाची खोळ शिवली आणि तो विषय संपला. रोज उन्हात घालताना मी ते खोळीसकट घालायचे.

ह्यांनी बोलल्याप्रमाणे अप्पांना सांगितलं. अप्पांनी माझ्या वडलांना बोलावून घेतलं. वडील एस.टी.नं आले, जेवले नाहीत. ओसरीवर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सासऱ्यानं आपनहून सांगितलंय. लई मोट्या मनाचा मानूस हाय. चल पोरी, व्हय म्हन." मी नको म्हणाले. लोक पुढे मला सती-सावित्री म्हणायचे, ते मला आवडायचं नाही. तसं काही नव्हतं. ह्यांना उचलायचं कसं, हे त्या गावात मला एकटीला येत होतं. मी गेले असते तर महिन्याभरात ते गेले असते. हे माहीत असताना एस.टी.त कसं बसायचं?

पण मी होते म्हणून ते जगले, असंही झालं नाही. सोलापूरचा उन्हाळा त्यांना झेपला नाही. छातीच्या खाली त्यांना घामच येत नसे, त्यामुळे बाहेरची आग अंगात साठायची. पहिला उन्हाळा वाळ्याचे पडदे, ओल्या चादरी आणि पंखा यांवर काढला. वीज गेली की मी सुपानं वारा घालायचे. पावसाळ्यात जरा बरे होते. खिडकीशी बसवलं की बोळातून जाणाऱ्या माणसांशी बोलायचे, गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचे. माझी दहा वाक्यं होत तेव्हा त्यांची शंभर होत. ते मुळात बोलके होते हे मला तेव्हा कळलं. मग थंडीत लघवीत पू व्हायला लागला. ताप यायचा, इंजेक्शनांनी जायचा, परत यायचा. डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्या. माकडहाडाशी जखमही झाली, एवढी काळजी घेऊनही. तिच्यात मूठ जाईल एवढा खड्डा पडला. ते विचारायचे, किती आहे? मी रुपयाएवढी सांगायचे.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते गेले. सकाळी मी अंग पुसत होते, तेव्हाच.

आमच्यात मयत आडवं नेत नाहीत. बसवतात, फुलांनी सजवलेल्या मखरात बसवून मिरवत नेतात आणि बसवूनच पुरतात. त्या मखराला विमान म्हणतात. दुपारी ते आणलं. पुरुष मंडळी ह्यांना बसवायला लागली तर ते सारखे एका बाजूला कलत होते. कुणी खांद्याला धरी, कुणी डोकं. मी आतून बाहेर आले. बायकांनी मला धरलं, पण अप्पा म्हणाले, येऊ द्या तिला. मी कमरेच्या मागे एक उशी घातली, गुडघे सारखे केले आणि छातीवरून पट्टा घ्यायला सांगितला. मग ते सरळ बसले. मला तेव्हा रडूही आलं नाही. काम नीट झालं, एवढंच वाटलं.

मी तिथंच राहिले. वर्षभरानं अप्पांनी मला दुकानात बायकांच्या साड्या दाखवायला बसवलं, आणि नवी पेठेत त्यावर थोडं बोलणं झालं ते विरूनही गेलं. बसल्या जागी मधूनमधून मी गादीवरून थोडीशी उचलली जायचे, मला न कळत. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, कंबर दुखते का?

अव्वांनी मला काही विचारलं नव्हतं. इस्पितळाचं नाही, प्रवासाचं नाही. एका दुपारी आम्ही दोघी ज्वारी निवडत होतो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "विमानात त्याला फार त्रास झाला का ग?"

ह्या प्रश्नाला नाही म्हणायचं, असं मी फार आधीपासून ठरवून ठेवलं होतं. चांगली झोप लागली होती, असंही सांगणार होते. पण त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "झाला, अव्वा. लई झाला."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, मला वाटलंच होतं. तिथून त्यांनी मला एकेक विचारायला सुरुवात केली. कुठं बसलात, खाल्लं काय, पाणी कोण देत होतं, उचललं कसं. मी सगळं सांगितलं, त्या जाड्या माणसाचंही. उचलायचं कसं ते सांगून त्यांना कळेना, तेव्हा मी उठले, त्यांच्या समोर उभी राहिले आणि त्यांचे हात माझ्या गळ्यात घालून दाखवलं.